सात वाजून एक्कावन्न मिनिटं

गुरुवारी सरावाच्या आधी प्रशिक्षक गिदोनने भिंतीवर एक कागद चिकटवला आणि कोणाकडेही न बघता तो चेंडूंची जाळी सोडायला निघून गेला. एरवी हा माणूस वेळापत्रकाचा कागद लावला की तिथेच उभा राहून दोन विनोद करायचा. त्यामुळे कागद वाचायच्या आधीच येमिमाने ओळखलं की त्यावर काहीतरी नको ते आहे. तसंच होतं. इस्राएलच्या महिला बास्केटबॉल लीगच्या उपांत्य फेरीचा तिसरा आणि निर्णायक सामना, हैफाच्या संघाविरुद्ध, बेत शेआनमध्ये, स्वतःच्याच हॉलमध्ये. शनिवारी संध्याकाळी साडेसहा.

एप्रिलचा शेवट होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत पाळायचा विश्रांतीचा दिवस म्हणजे शब्बाथ, आणि त्या शनिवारी तो संपायची वेळ सिनेगॉगच्या, यहुद्यांच्या प्रार्थनागृहाच्या, दारावर आधीच लिहून लावली होती, सात वाजून एक्कावन्न मिनिटं. बेत शेआनला सूर्य गिल्बोआच्या डोंगरामागे लवकर जातो, पण शब्बाथ डोंगराचं ऐकत नाही.

येमिमा अझुलाय पाच वर्षं या संघातून खेळत होती. चेंडू पुढे आणायचा आणि खेळ रचायचा, हे तिचं काम. त्यातली दोन वर्षं ती कप्तान होती. जर्सीखाली लांब बाह्यांचा काळा सदरा, चड्डीखाली घोट्यापर्यंत घट्ट विजार, केसांची वेणी. पाच वर्षांत शनिवारचे सामने अकरा झाले होते आणि अकराही साडेआठनंतर. तिने कधी मागणी केली नव्हती, तशी पाळीच आली नव्हती.

ती गिदोनच्या मागे गेली.

"साडेआठचं साडेसहा कोणी केलं?"

"टीव्हीवाल्यांनी," गिदोन जाळीची गाठ सोडत म्हणाला. "रात्री त्यांना पुरुषांची मॅच दाखवायचीय."

"घरच्या क्लबच्या अध्यक्षाची सही लागते त्याला. मी नियम वाचलेत."

गिदोनने गाठ सोडून दिली. तो पलीकडच्या किबुत्झचा, सामायिक शेतीच्या वस्तीवरचा. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या, योम किपूरच्या उपासाला ऑम्लेट खाणाऱ्या घरात वाढलेला, आणि ते तो स्वतःच सांगत फिरायचा. पण खोटं बोलता यायचं नाही त्याला. "उझीने केली सही. परवाच."

"मला न विचारता?"

"मलाही न विचारता."

"ठीक आहे," येमिमा म्हणाली. "आता तू मुलींना सांगतोस की मी सांगू?"

तिनेच सांगितलं. मैदानाच्या मधल्या गोलात सगळ्या उभ्या होत्या. ती म्हणाली, "शनिवारी सात एक्कावन्नच्या आत मी खेळणार नाही. नंतर जे काही उरलं असेल ते खेळीन."

 मग रासा बोलली. रासा लिथुआनियाची, सहा फूट चार इंच, बास्केटखाली उभी राहिली की भिंत. तिची दोन वर्षांची मुलगी काउनासला आजीजवळ होती. तीन हंगामांत रासाचं हिब्रू चांगलंच झालं होतं, फक्त राग आला की शब्द एकेक सुटे पडायचे.

"माझी पोर मला मोबाईलमध्ये बघते. मोबाईललाच आई म्हणते. मी इथे कशाला आले? हे जिंकायला. आणि तू म्हणतेस, तारे बघून येते?"

"हो."

"एक दिवस! तुझा देव एक दिवस डोळे मिटणार नाही?"

"तो मिटेलही," येमिमा म्हणाली. "मी नाही मिटणार. रासा, मला ओरड, शिव्या दे. पण मला समजावू नकोस. चोवीस वर्षांत एक शब्बाथ मोडलेला नाही, तो उझीच्या सहीसाठी नाही मोडणार."

रासाने हातातला चेंडू इतक्या जोरात आपटला की तो वरच्या दिव्यांच्या सळयांपर्यंत गेला. त्या दिवशी तिने येमिमाला एकही पास दिला नाही. अठरा वर्षांची राखीव नोगा कोपऱ्यात उभी राहून नखं खात होती. शनिवारी येमिमाच्या जागी आपणच आहोत हे तिला कळून चुकलं होतं.

शुक्रवारी दुपारी उझी करमोनने येमिमाला हॉलच्या पार्किंगमध्ये गाठलं. हा क्लबचा अध्यक्ष. खजुराचा मोठा व्यापारी, माणूस मनमोकळा, पण ऐकायची सवय गेलेला. गाडीतून न उतरताच त्याने काच खाली केली.

"काय ऐकतोय मी?"

"खरं तेच ऐकताय."

"पोरी, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा आपण इथवर आलोय. तुझ्या नावाने मी तिकिटं विकलीत."

"माझ्या नावाने विकायच्या आधी मला विचारायचं होतंत."

"करारात लिहिलंय, सगळ्या सामन्यांना हजर राहीन."

"हजर राहणारच आहे. साडेसहाला हॉलमध्ये असेन. चेंडूला हात एक्कावन्ननंतर."

उझी हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग ऐक. गिदोनला सांगितलंय मी, यादीत तुझं नाव नको. बारा जणींत जी पहिल्या शिटीला उभी नाही, तिला शेवटच्या शिटीलाही जागा नाही. घरी बस, शब्बाथचा दफिना खा, झोप काढ."

"दफिना खाऊनच येईन," येमिमा म्हणाली. "नाव लिहा, न लिहा. मी येऊन बसणार."

"कशाला?"

"म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आली नव्हती."

काच वर गेली. येमिमा तशीच आत गेली आणि तिने गिदोनला शोधून काढलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मला काही विचारू नकोस."

"विचारत नाही, सांगतेय. उद्या मी तुला 'लिही' असं म्हणू शकणार नाही, शब्बाथला लिहायला सांगणंही चालत नाही. आज अजून शुक्रवार आहे. माझं नाव लिही. नसेल लिहायचं तर नको लिहूस, ते तुझं तू बघ. पण मी मागितलं होतं, हे लक्षात असू दे."

गिदोनने मान डोलावली. ती हो म्हणून डोलावली की ऐकलं म्हणून, ते तिला कळलं नाही.

घरी वेगळाच सामना होता. तिचे वडील अमराम गावातली बस चालवायचे, आणि शुक्रवारी दुपारी बस आगारात लावली की मोरोक्कोहून आलेल्या मंडळींच्या छोट्या सिनेगॉगची व्यवस्था बघायचे. मुलीचे आठवड्याच्या दिवसांचे सगळे सामने त्यांनी पाहिले होते. तिसऱ्या रांगेत, टोपी मागे सरकवून, पंचाच्या नावाने खडे फोडत. शुक्रवारी रात्री द्राक्षरसाचा प्याला खाली ठेवून, भाकरी मोडून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या आपण सगळे हॉलपुढे उभे राहणार आहोत. आपल्या गावात शब्बाथला हॉल उघडायचा म्हणजे काय? आज हॉल, उद्या बाजार."

"उभे राहा ना, अब्बा. बरोबरच आहे."

"तू त्या दारातून आत जाऊ नकोस."

"जाणार."

तिची आई मझल माशाचं ताट घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

"येमिमा," अमराम सावकाश म्हणाले, "तो खेळ शब्बाथ मोडून सुरू होणार. तू नंतर उतरलीस तरी भांडं आधीच फुटलेलं असणार. फुटक्या भांड्यातलं खायचं नसतं."

"भांडं मी नाही फोडलं."

"पण खाणार तू."

"अब्बा, मी बघणारसुद्धा नाही. मी आतल्या बोळात बसेन, मैदानाकडे पाठ करून. वेळ झाली की उठेन. सात वाजून एक्कावन्नला माझा शब्बाथ पुरा होतो, त्यानंतरची वेळ माझी आहे. ती उझीची नाही." तिने श्वास घेतला. "आणि तुमचीही नाही."

अमरामच्या टेबलावर असं कोणी बोललेलं नव्हतं. मझलने ताट टेबलावर ठेवलं. "मासा गार होतोय," ती म्हणाली. "भांडायचं तर खाऊन भांडा." त्या रात्री नेहमीची गाणी झाली, पण अमरामचा आवाज एक पट्टी खालीच राहिला.

शनिवारी दुपारचं जेवण झालं, वामकुक्षी झाली. सहा वाजता येमिमा निघाली. अंगात शब्बाथचा पांढरा सदरा, निळा लांब घागरा, पायात साध्या चपला, हातात स्तोत्रांचं छोटं पुस्तक. खेळाचे बूट आणि जर्सी तिने शुक्रवारीच कपाटात ठेवून दिली होती, शब्बाथला न्यायची गरज पडू नये म्हणून. वारा जॉर्डन नदीच्या बाजूने येत होता, गरम, तंदूरचं झाकण उघडल्यासारखा. वीस मिनिटांची वाट.

हॉलपुढे साठ-सत्तर माणसं होती. पुरुष पुढे, मागे बायका, कुंपणाच्या भिंतीवर मुलं पाय हलवत बसलेली. "शब्बाथ! शब्बाथ!" असा गजर चालला होता. दोन पोलीस जांभया देत उभे होते. आत जाणारे तिकीटवाले खाली मान घालून जात होते, काही मुद्दाम मान वर करून.

पहिल्यांदा तिला शिमोन ओहायोनने पाहिलं. अझुलायांच्या शेजारचं दार त्याचं. लहानपणी तिचा चेंडू त्याच्या अंगणात गेला की तो दोन दिवस परत द्यायचा नाही.

"बघा, बघा, कप्तानसाहेब आल्या! अमराम, तुझी पोरगी प्रार्थनेला चाललीय की नाचायला?"

"बसायला चाललेय, शिमोनकाका."

"गुडघे उघडे टाकून पळायचं आणि शब्बाथही पाळायचा, दोन्ही नाही जमत हां!"

"माझे गुडघे तुम्ही कधी पाहिले?" येमिमा मोठ्याने म्हणाली. "पाच वर्षं विजार घालून खेळतेय. पाहिले असतील तर इथे सगळ्यांपुढे सांगा, कुठे पाहिले."

बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फसकन हसलं. शिमोन लाल झाला. "पोरीची जात! लग्न कोण करील हिच्याशी?"

"तुम्ही काळजी करू नका, तुम्हाला विचारायला कोणी येणार नाही."

अमराम पुढच्या रांगेत होते. ते गजर करत नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती त्यांच्यासमोरून गेली. हॉलचं काचेचं दार विजेवर उघडणारं होतं आणि शब्बाथला वीज चालू करायची नसते, म्हणून ती बाजूला थांबून राहिली. एक जोडपं आलं, दार त्यांच्यासाठी सरकलं आणि त्यांच्या मागोमाग ती आत शिरली. दारवान तिला पाच वर्षं ओळखत होता. त्याने तिकीट मागितलं नाही, नुसता हात कपाळाशी नेऊन सलाम केला.

खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसली. वर एक गोल घड्याळ होतं. मैदान तिच्या पाठीमागे, दहा पावलांवर.

साडेसहाला शिटी झाली.

बघायचं नाही हे ठरवलं होतं, पण कानांचं काय करणार? पाच वर्षं ज्या फरशीवर काढली तिचे आवाज तिला पाठ होते. चेंडू टप टप पुढे चाललाय, हात घट्ट आहे, म्हणजे नोगा घाबरलीय. बूट करकरले. रासाचे बूट जड वाजायचे. कोणीतरी आपटलं. पंचाची शिटी. लोकांचं "ओऽऽ" म्हणजे आपला शॉट चुकला. पलीकडून थोड्याच टाळ्या म्हणजे त्यांचा गेला. तिने पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली, तीच पुन्हा वाचली. पायाच्या पोटऱ्या आपोआप ताठत होत्या. तिने दोन्ही टाचा जमिनीवर दाबून धरल्या.

पहिल्या क्वार्टरनंतर उझी बोळातून गेला. तिला बघून थबकला. "नाटकं," एवढंच म्हणाला.

तिने मान वर केली नाही. "शब्बाथ शालोम," ती म्हणाली.

मध्यंतरात मुली खोलीकडे आल्या. रासा तिच्या अगदी जवळून, घागऱ्याला वारा लागेल अशी गेली. नोगा मात्र खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. चेहरा लाल, डोळे भरलेले.

"ती त्यांची चौदा नंबर मला सारखी डावीकडे ढकलतेय. मला उजवीकडे वळताच येत नाही. काय करू?"

येमिमाला उत्तर माहीत होतं. दोन वाक्यांचं उत्तर. चौदा नंबरचा उजवा पाय जड आहे, तिला आधी पुढे येऊ द्यायचं. पण हे कामाचं बोलणं झालं, शब्बाथला न चालणारं, आणि अजून चोवीस मिनिटं होती. तिने नोगाचा घामट हात हातात घेतला.

"एक्कावन्नला विचार," ती म्हणाली. "शपथ, तेव्हा सगळं सांगते."

"तोवर आम्ही हरलेलो असू!"

"असू."

नोगाने हात सोडवून घेतला.  पोरीचं रडणं तिला उझीच्या धमकीपेक्षा जड गेलं. पण ती उठली नाही.

तिसरा क्वार्टर सुरू झाला. बाहेरचा गजर हळूहळू विरत गेला. मग काचेच्या दारापलीकडून वेगळाच सूर आला, एकत्र, घाईचा नसलेला. बाहेरच्या पुरुषांनी हॉलच्या भिंतीला लागून संध्याकाळची प्रार्थना सुरू केली होती. घड्याळाचा काटा पन्नासावर गेला. ती उभी राहिली. एक्कावन्नावर आला. तिने आणखी एक पूर्ण मिनिट जाऊ दिलं, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

"पवित्र दिवस आणि साधा दिवस यांत भेद करणारा तो धन्य," ती पुटपुटली, आणि धावली.

जर्सी, विजार, बूट.  गुडघे थंड, लाकडासारखे. ती मैदानावर आली तेव्हा चौथा क्वार्टर सुरू झालेला होता. फळ्यावर एक्कावन्न विरुद्ध बासष्ट. हैफा अकरांनी पुढे. आठ मिनिटं चाळीस सेकंद उरले होते.

गिदोनने तिला पाहिलं आणि पंचांच्या टेबलाकडे हात केला. टेबलावरच्या बाईने कागदावर बोट फिरवलं. 

"सात नंबर, अझुलाय," बाई म्हणाली. "आहे यादीत."

उझी पहिल्या रांगेतून उठून उभा राहिला. गिदोनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अकरा नावं लिहून बारावी ओळ मोकळी सोडली की माझा हात खाजतो," तो येमिमाला म्हणाला. "जा आता. पाय मोडून घेऊ नकोस."

पहिलाच पास तिने बाहेर फेकला. "झोप झाली का?" कोणीतरी वरून ओरडलं आणि अर्धा हॉल हसला. तिने नोगाच्या कानात ती दोन वाक्यं सांगितली. मग चौदा नंबरच्या हातातून चेंडू काढला, एकटी पळाली, आत घातला. पुन्हा काढला, या वेळी रासाला दिला, पास सरळ तिच्या उंचीवर. रासाने न बघता तो वरून खाली दाबला. त्यानंतर कोणी हसलं नाही. पाय गरम झाले. तिला वाटलं, गुरुवारपासून कोंडलेलं काहीतरी आता तळपायातून वाट काढतंय. तीन मिनिटं उरली असताना पाचचा फरक होता. दीड मिनिटावर तीनचा. शेवटी सत्तर विरुद्ध एकाहत्तर, सात सेकंद, आणि चेंडू तिच्याकडे.

चौदा नंबर पुढे आली. येमिमा उजवीकडून सुटली. बास्केटच्या डाव्या हाताला रासा मोकळी होती, हात वर करून, आख्खी मोकळी. येमिमाला ती दिसली. पण त्या क्षणी तिला स्वतःलाच घालायचा होता. उझीला, शिमोनकाकाला, त्या हसणाऱ्या अर्ध्या हॉलला दाखवायचं होतं. तिने उडी मारली. चेंडू लोखंडी कडीवर बसला, एकदा फिरला आणि बाहेर पडला.

 कोपऱ्यात हैफाच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रासा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी मोकळी होते," ती म्हणाली. "मोकळी." आणि निघून गेली.

टीव्हीवाल्यांनी उझीच्या तोंडापुढे माइक धरला तेव्हा तो म्हणाला की कप्तान पहिल्यापासून खेळली असती तर गाव आज अंतिम फेरीत असतं आणि ती आत्ता इथेच गावाची माफी मागेल. मग त्याने तिच्या कोपराला धरून तिला पुढे केलं. येमिमाने कोपर सोडवून घेतलं.

"मागते," ती म्हणाली. "शेवटचा शॉट चुकला, त्याची माफी मागते. रासा मोकळी होती, चेंडू तिला द्यायला हवा होता. मी हट्टाने स्वतः मारला. ती चूक माझी, एकटीची." मग तिने उझीकडे बोट केलं. "शब्बाथची माफी मागणार नाही. सामना साडेआठला होता, तो साडेसहाला कोणी आणला ते याच माणसाला विचारा. पुढच्या शनिवारी असाच सामना लावलात तर मी त्याच खुर्चीत बसलेली असेन."

दाराशी अमराम उभे होते. प्रार्थना आटोपून ते आत आले होते, टोपी मागे सरकलेली. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. त्यांच्या पाठीशी शिमोन काचेतून डोकावत होता.

"अमराम! तू आत?"

"शब्बाथ संपलाय, शिमोन," अमराम मागे न वळता म्हणाले. "आता ही माझी पोरगी आणि हा चेंडूचा खेळ. तुझं मधे काय आहे?"

दोघं घरी चालत निघाले. मग अमराम म्हणाले, "शेवटी हात आखडलास."

"हो."

"ती उंच बाई मोकळी होती."

"माहीत आहे, अब्बा. सगळ्या देशाला माहीत आहे."

"कालचं बोलणं मला आवडलेलं नाही," ते म्हणाले. "आणि आत जाणंही नाही. ते तसंच राहील."

"राहू दे."

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात एक भाजीवाला तिला 'तारेवाली' म्हणाला, त्याच्याकडून तिने टोमॅटो परत ठेवून दिले. दुसऱ्या टोकाला सिनेगॉगमध्ये कुजबुज, की तमाशा करून घेतला, घराण्याचं नाव टीव्हीवर घातलं. ती दोन्हीकडे पूर्वीसारखीच जात राहिली, बाजारातही आणि सिनेगॉगमध्येही.

जूनमध्ये रासा घरी परतायच्या आदल्या शनिवारी अझुलायांच्या दारात येऊन उभी राहिली. दार वाजवायला ती बिचकत होती, घंटी दाबायची नसते हे तिला आठवलं असावं. मझलने तिला ओढूनच आत घेतलं. रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या दफिनाचा वास घरभर होता, तपकिरी पडलेली अंडी वरच होती.

"माझा राग गेलेला नाही," रासा बसता बसता म्हणाली.

"जाऊ देऊ नकोस," येमिमा म्हणाली. "जेव."

रासाने तीन वेळा वाढून घेतलं. अमरामनी तिला काउनासच्या मुलीचं नाव विचारलं आणि तिच्यासाठी आशीर्वादाचे शब्द म्हटले. जाताना रासा दारात वाकली, वरची चौकट चुकवायला. "तू माझी पोर असतीस तर," ती म्हणाली, "मी तुला मारलं असतं. आणि मग सगळ्यांना सांगत फिरले असते."

उझीने नवा करार पाठवला. त्यात एक ओळ ज्यादा होती, की खेळाडू कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी उपलब्ध राहील. येमिमाने त्या ओळीवर रेघ मारली आणि कागद परत पाठवला. तो रेघ न मारलेला पुन्हा आला. तिने तो तसाच, सही न करता, क्लबच्या दारात सरकवून दिला. आईने विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "शाळेत मुलींना शिकवीन. चेंडू कुठेही उसळतो."

पण ऑगस्टमध्ये हैफाच्या प्रशिक्षिकेचा फोन आला. दोरित तिचं नाव, आवाज खरखरीत, वेळ न घालवणारी.

"आठ मिनिटं चाळीस सेकंदांत तू आमचा जीव काढलास. चाळीस मिनिटं दिली तर काय करशील?"

"शनिवारी अंधार पडेपर्यंत काही नाही करणार. हे आधी ऐकून घे."

"ऐकलंय, टीव्हीवर. लिहून देते. आणखी?"

"आणखी काही नाही."

"मग सामान बांध."

नोव्हेंबरात, एका मंगळवारी, हैफाचा संघ बेत शेआनला आला. येमिमा मैदानात उतरली आणि तिच्याच गावाने तिला शिट्ट्यांनी आणि हुर्योने झोडपून काढलं. उझी पहिल्या रांगेत होता. शिमोन ओहायोन, ज्याने आयुष्यात कधी हॉलमध्ये बसून सामना पाहिला नव्हता, तोही तिकीट काढून आला होता आणि सगळ्यांत जोरात ओरडत होता. तिसऱ्या रांगेत अमराम बसले होते, अंगावर कुठल्याच संघाचा रंग नाही, आणि नेहमीसारखे पंचाच्या नावाने खडे फोडत होते.

नोगा आता बेत शेआनकडून पहिल्या पाचांत होती. तिने येमिमाला दोनदा उजवीकडून चकवलं, आणि दुसऱ्या वेळी पळता पळता हसली. येमिमालाही हसू आलं, मग तिने चिडून पुढचे तीन शॉट लागोपाठ घातले.

शेवटच्या मिनिटात हैफा चार गुणांनी पुढे होती आणि येमिमाला दोन फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर उभी राहिली तसा हॉल पेटला. माणसं बाकांवर उभी राहून पाय आपटत होती, कोणी काय काय म्हणत होतं ते एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट झाला होता. पंचाने चेंडू तिच्याकडे दिला. टाकायला पाच सेकंद असतात. बहुतेक खेळाडू अशा वेळी घाई करतात, सुटका व्हावी म्हणून. तिने चेंडू सावकाश आपटला, बोटं शिवणीवर नीट बसवली, मान वर करून आख्ख्या हॉलवरून एकदा नजर फिरवली, आणि पाचवा सेकंद संपता संपता टाकला. जाळी हलली.

दुसऱ्यालाही तिने तितकाच वेळ घेतला.